सणाचे घर आणि आखाड्याची माती

ख्रिस्ती वर्षात आगमनकाळाइतका शांत काळ दुसरा नसेल, आणि ख्रिस्ती घरात डिसेंबराइतका अशांत महिना दुसरा नसेल. चर्चमध्ये आठवड्यागणिक एकेक मेणबत्ती उजळत जाते, प्रतीक्षेची गीते गायिली जातात, प्रभूची वाट सरळ करा असा उपदेश होतो. त्याच आठवड्यांत घरोघरी भिंतींना रंग, मुलांना कपडे, पाहुण्यांना अंथरुणे, करंज्यांना सारण, केकला अंडी आणि गव्हाणीला गवत मिळविण्याची धावपळ चाललेली असते. अंतःकरणाची वाट सरळ करावयास कुणाला सवड राहत नाही.

जळगाव-धुळ्याकडील आपल्या कुटुंबांच्या वाट्याला या धावपळीत आणखीही काही येते. १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांताच्या विस्तीर्ण नकाशावर आपली घरे विरळ पसरलेली आहेत. मुले नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास किंवा सुरतेस गेलेली असतात. रेल्वेचे आरक्षण मिळाले तर ती येणार, न मिळाले तर भुसावळच्या गाडीत उभ्याने येणार. शेतात कापसाची वेचणी अर्धी झालेली असते आणि भावाचा भरवसा नसतो. सातपुड्याच्या पायथ्याकडील कित्येक कुटुंबे याच दिवसांत ऊसतोडीस दूर गेलेली असतात. मागे राहिलेल्या वृद्धांच्या वाट्याला नाताळ येतो तो रिकाम्या अंगणाचा. जेथे सगळे जमतात तेथे थंडीत शेकोटी पेटते, वांगी भाजली जातात, भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा बेत ठरतो, आणि अशाच एखाद्या भरल्या संध्याकाळी, कुणी न ठरविता, घरात भडका उडतो. निमित्त क्षुल्लक असते. मीठ जास्त पडलेले असते, कुणाच्या मुलाला भारी कपडे आणि कुणाच्या मुलाला हलके आलेले असतात. पण निमित्ताच्या आडून जुने विषय बाहेर येतात: शेताची वाटणी, आईच्या औषधपाण्याचा खर्च, धाकट्याचे रखडलेले लग्न, थोरल्याने बाहेरून पिऊन येणे. मग मध्यरात्रीच्या मिस्साला एकाच बाकावर बसलेली माणसे शांतीचे चिन्ह देताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहण्याचे टाळतात.

हे केवळ आजच्या काळाचे लक्षण आहे असे आम्हांला वाटत नाही. संत लूक सांगतात त्याप्रमाणे पवित्र कुटुंबही सणालाच गेले होते. वल्हांडणाचा सण आटोपून यात्रेकरूंच्या मेळ्याबरोबर परतताना बारा वर्षांचा येशू सोबत नाही हे मारिया आणि योसेफ यांच्या ध्यानी एका दिवसाच्या वाटचालीनंतर आले, आणि तो सापडेपर्यंत तीन दिवस गेले. मार्थेची कथाही पाहुणचाराच्या दगदगीचीच आहे. कानाच्या लग्नात तर ऐन समारंभात द्राक्षारस संपला. शुभवर्तमानाला सणाचा ताण ठाऊक आहे. प्रश्न इतकाच की, तो ताण आला असता माणसाने काय करावे, आणि ते करण्याची तयारी त्याने कोठे करावी?

या लेखात आम्ही एक उत्तर मांडून पाहणार आहोत. ते काहींना विचित्र वाटेल. ही तयारी काही अंशी आखाड्यात होऊ शकते, असे आमचे म्हणणे आहे.

राग आधी शरीरात येतो

आपण रागाकडे मनाचा किंवा आत्म्याचा विकार म्हणून पाहतो आणि त्यावर उपदेशाचा उपाय योजतो. उपदेश खोटा नसतो. पण तो उशिरा पोहोचतो. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, धोका जाणवताच शरीर झुंजीची किंवा पलायनाची सिद्धता करते: हृदय वेगाने चालू लागते, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात, पचन मंदावते. पुढे १९३६ साली माँट्रियल येथील हान्स सेली यांनी, निरनिराळ्या आघातांना शरीर एकाच ठरावीक रीतीने प्रतिसाद देते, असे मांडले. आज ज्याला आपण सर्रास 'ताण' म्हणतो त्या कल्पनेचा उगम तेथे आहे. वाघ समोर आला काय किंवा जावेने पाहुण्यांदेखत टोमणा मारला काय, शरीराची पहिली हालचाल फारशी वेगळी नसते. मूठ वळल्यावर मनाला कळते की आपण रागावलो आहोत.

म्हणून शरीरालाच काही शिकविले पाहिजे. ख्रिस्तसभेला हे नवीन नाही. आपण गुडघे टेकतो, उभे राहतो, कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण करतो, उपवास करतो. ही सारी शरीराची शिकवण आहे. लोयोलाचे संत इग्नेशियस हे मूळचे शिपाई. १५२२ साली माँटसेराटच्या मारियामंदिरात त्यांनी आपली तलवार कायमची ठेवून दिली. परंतु शिपाईगिरीतील सराव मात्र टाकला नाही. चालणे, धावणे हे जसे शरीराचे व्यायाम, तसेच आत्म्याचेही व्यायाम असतात, असे म्हणून त्यांनी आपल्या साधनेला 'आध्यात्मिक व्यायाम' हेच नाव दिले. संत पौलही करिंथकरांना लिहिताना धावपटूचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला देतात आणि आपण शरीराला शिस्त लावून ताब्यात ठेवतो असे सांगतात.

खानदेशातील माती

खानदेशाला आखाडा परका नाही. मारुतीच्या देवळाशेजारची तालीम, यात्रेतील कुस्त्यांची दंगल आणि दंगलीच्या आरंभी चिमुरड्या पोरांची नारळावरची कुस्ती हे सर्व आपल्या परिचयाचे आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी' हा किताब मिळविला, तेव्हा त्याचा आनंद साऱ्या जिल्ह्याने मानला. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. पुढे दूरच्या देशांतील विद्याही येथे आल्या. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्युदोची शाळा काढली. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली कराटे टोकियोत नेले. आज आपल्याकडील शाळांच्या पटांगणांवरही पांढऱ्या पोशाखातील मुले-मुली त्यांचा सराव करताना दिसतात. जुन्या तालमीचे दार स्त्रियांना बंद होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. मुलींसाठी ते उघडले हा अलीकडचा आणि स्वागतार्ह बदल आहे.

ख्रिस्ती माणसाचा या विद्येशी काय संबंध, असे कुणी विचारील. केरळातील संत थोमाच्या परंपरेचे ख्रिस्ती लोक चर्चच्या सणांना 'परिचमुट्टुकळी' हा ढाल-तलवारीचा नाच करतात. वर्तुळात फिरणारे ते नर्तक एकमेकांच्या ढालीवर घाव घालतात, आणि प्रत्येक घाव तालात व मर्यादेत असतो. शस्त्राला सणाच्या अंगणात आणून त्याचे नृत्य करणारे आपलेच धर्मबंधू आहेत. एखाद्या पालकाला, तालमीत मारुतीची मूर्ती असते, तेथे आपल्या मुलाने जावे काय, अशी शंका येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांतील सत्य व पवित्र अंशांचा अव्हेर न करण्याची शिकवण दिली आहे. आपल्या श्रद्धेत स्थिर असलेले मूल शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखून तेथे व्यायाम करू शकते, असे आम्हांला वाटते.

या विद्येतील डाव-पेच हा येथे आमचा विषय नव्हे. डाव टाकण्यापूर्वी वस्ताद ज्या चार गोष्टी शिकवितो त्यांकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

सलामी, पडणे, दम आणि थाप

पहिली गोष्ट सलामी. मल्ल हौद्यात उतरताना तेथील माती कपाळाला लावतो आणि मग प्रतिस्पर्ध्याच्या हाताला हात लावतो. ज्युदो-कराटेत ते काम वाकून केलेल्या नमस्काराने होते. या कृतीचा अर्थ गंभीर आहे. पुढे काहीही होवो, समोरचा हा माणूस आहे आणि त्याच्यावाचून माझी विद्या निरर्थक आहे, हे झुंजीपूर्वीच मान्य केले जाते. कानो यांनी आपल्या विद्येची जी दोन सूत्रे सांगितली त्यांपैकी एक बळाच्या योग्य विनियोगाचे आणि दुसरे परस्परांच्या कल्याणाचे आहे. घरात मात्र आपण सलामीवाचून झुंजीस उतरतो. रात्रभर उभ्याने प्रवास करून आलेल्या मुलाला पहिला प्रश्न, एवढा उशीर का, हा विचारला जातो. दिवंगत पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन शब्दांचे महत्त्व वारंवार सांगत, आणि २०१६ सालच्या कुटुंबविषयक पत्रातही त्यांनी ते नमूद केले: परवानगी मागण्याचा, आभाराचा आणि क्षमेचा शब्द. आखाड्याच्या भाषेत ही घरातील सलामी होय.

दुसरी गोष्ट पडणे. ज्युदोच्या नवशिक्याला आरंभी दुसऱ्याला पाडावयास शिकवीत नाहीत; त्याला स्वतः पडावयास शिकवितात. हनुवटी छातीशी घ्यावी, श्वास सोडावा, हाताचा तळवा चटईवर आपटून आघात वाटून टाकावा, आणि हे दिवसेंदिवस करावे. आपल्या कुस्तीत त्यासाठी मातीच तयार करतात. हौद्याच्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात आणि ती वरचेवर खणून भुसभुशीत ठेवतात, म्हणजे पडणाऱ्याचे हाड मोडत नाही. न खणलेली माती दगडासारखी होते. कित्येक घरांची माती वर्षभर खणलेली नसते. भाऊ भावाला जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत पत्र नाही, फोन नाही, आणि डिसेंबरात एकदम चार दिवस एका छपराखाली. अशा जमिनीवर लहानसे पडणेही हाड मोडते. वादात आपली चूक दिसली तर ती कबूल करून मोकळे होणे हे पडण्याचेच कौशल्य आहे. ज्याला पडता येते तो पुन्हा उभा राहतो. ज्याला येत नाही तो पडू नये म्हणून दुसऱ्याला धरून खेचतो, आणि दोघेही कोसळतात.

तिसरी गोष्ट दम. कुस्तीच्या आरंभी दोन मल्ल एकमेकांच्या मानेवर, मनगटावर हात टाकून अंदाज घेत राहतात. तिला खडाखडी म्हणतात. अननुभवी पोर येथे धीर सोडून अंगावर धावते आणि मुरलेला मल्ल त्याच्याच जोराने त्याला उलथवितो. मुरलेल्याची ताकद मुख्यतः त्याच्या श्वासात असते. श्वास लांब आणि सावकाश सोडला की हृदयाचा वेग उतरतो, हे शरीरशास्त्रही सांगते. पण हे पुस्तकात वाचून ऐनवेळी साधत नाही. ज्याने शेकडो जोर-बैठका काढताना, धाप लागली असता, श्वास आवरला आहे, त्यालाच जेवणाच्या पंक्तीत कुणी वर्मावर बोट ठेवले असता तो आवरता येईल. टोमणा आणि उत्तर यांच्यामध्ये एका श्वासाची जागा मिळाली तरी पुष्कळ घरे वाचतील.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याची पकड असह्य झाली की अडकलेला खेळाडू चटईवर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर हाताने दोनदा थाप मारतो. थाप ऐकताच पकडणाऱ्याने तत्क्षणी सोडावयाचे असते. तेथे विलंबाला जागा नाही, आणखी थोडे ताणून पाहू हा विचार नाही, तू खरोखर दुखावलास काय असा प्रश्नही नाही. थाप मारणाऱ्याची त्यात अप्रतिष्ठा नसते. थाप ऐकून न सोडणारा मात्र त्या विद्येला अपात्र ठरतो. या एका नियमामुळे दोन बलदंड माणसे रोज एकमेकांचा गळा धरूनही संध्याकाळी धडधाकट घरी जातात.

आपल्या घरांतही थापा पडत असतात. त्या ऐकल्या जात नाहीत. पहाटे चारला उठून रात्री अकरापर्यंत चुलीशी उभी असलेली आई एखादे भांडे जरा जोराने ठेवते, ती थाप असते. नव्याने आलेली सून बोलेनाशी होते, ती थाप असते. कर्ज काढून सर्वांना कपडे घेणारा बाप मिस्सा आटोपल्यावर एकटाच अंगणात उभा राहतो, मुलगा परीक्षेच्या गुणांचा विषय निघताच ताटावरून उठतो, आजी मला काही नको म्हणून कोपऱ्यात पडून राहते. या साऱ्या थापा आहेत. पकडणाऱ्यांना त्या ऐकू येत नाहीत, किंवा ऐकू येऊनही सणाच्या दिवशी कसले हे रुसणे म्हणून ते पकड अधिकच आवळतात. घरातील शांतीची कसोटी तेथे भांडण होत नाही ही नव्हे. भीतीनेही घर मूक राहू शकते. घरातील बलवान माणसाला दुर्बलाची थाप ऐकू येते काय, आणि ऐकू येताच तो सोडतो काय, ही खरी कसोटी आहे.

दुसरा गाल आणि पहिला प्रश्न

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ज्याने दुसरा गाल पुढे करावयास सांगितले त्याच्या अनुयायांनी झुंजीच्या विद्येतून शांती शिकावी हे सुसंगत आहे काय?

युद्धाची भाषा शांतीसाठी वापरणे यात खानदेशाला तरी नवल वाटू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी सहबंद्यांसमोर गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. रणांगणावर सांगितलेला तो ग्रंथ अहिंसेचे व्रत घेतलेला एक माणूस, सर्व बळ दुसऱ्याच्या हाती असलेल्या ठिकाणी बसून, अंतर्यामीच्या झुंजीचा ग्रंथ म्हणून उलगडीत होता. आपल्या परंपरेतही संत पौल इफिसकरांना देवाची शस्त्रसामग्री धारण करावयास सांगतात. झुंज कोणाशी हा प्रश्न महत्त्वाचा.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात धैर्य या सद्गुणाची चिकित्सा करताना म्हटले आहे की, धैर्याचे प्रधान कार्य हल्ला करणे हे नसून संकटात अविचल टिकणे हे आहे. टिकणे हे हल्ल्याहून कठीण असते. आखाडा हेच शरीराला शिकवितो. मुठीत बळ असून मूठ न वळणे हा संयम होय. ज्याच्यापाशी बळच नाही त्याच्या गप्प राहण्याला तो शब्द पूर्णपणे लागू पडत नाही. प्रभूने गेथशेमनीत तलवार म्यान करावयास सांगितले, तेव्हा देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक आपल्या हाकेसरशी येतील याचीही आठवण शिष्याला दिली होती. ते दुर्बलाचे मौन नव्हते.

पण या शिकवणीचा घोर दुरुपयोग झाला आहे, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. टिकून राहा, सहन कर, क्रूस समजून वाहा, असे आपण पिढ्यानपिढ्या मार खाणाऱ्या स्त्रीला सांगत आलो. सणाच्या दिवसांत घरात दारू आली की आधी कुणाच्या अंगावर हात पडतो हे कुणापासून लपलेले नाही. अशा वेळी धैर्याचा उपदेश कुणाला करावयाचा? योहानाच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग येथे मार्ग दाखवितो. प्रमुख याजकापुढे उभे असताना एका शिपायाने येशूच्या तोंडात मारली. प्रभूने उलट मारले नाही. पण तो गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असा जाब त्याने विचारला. दुसऱ्या गालाचा अर्थ लावताना प्रभूचा हा प्रश्न विसरता येणार नाही. मारणाऱ्याला जाब विचारणे ही अवज्ञा नव्हे. पत्नीने शेजारणीकडे जाणे, धर्मगुरूंना किंवा धर्मभगिनींना सांगणे, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ सालच्या कायद्याचा आधार घेणे, ही थाप आहे, आणि तिच्या बाजूने उभे राहणे हे धर्मग्रामाचे कर्तव्य आहे. संयमाची पहिली जबाबदारी ज्याच्या हातात बळ आहे त्याची. मुलीला ज्युदो-कराटे शिकविताना, तू सहन करावयास शीक, असे आपण तिला सांगत नसतो. तुझ्या शरीराला मान आहे, एवढे ती तेथे शिकते आणि तेवढे पुरेसे आहे.

आणखी एक धोका. नम्रतेवाचून आलेले बळ दांडगाई होते. तालमीतील पोरे वसुलीसाठी आणि निवडणुकीच्या दहशतीसाठी वापरली गेल्याची उदाहरणे आपल्या समाजात आहेत. कमरेच्या पट्ट्याचा रंग बदलला म्हणजे अंतःकरण बदलते असे नाही. विद्या ही केवळ माती तयार करते. बी पेरणारा दुसरा आहे. कृपेवाचून संयम हा अहंकाराचा नवा अलंकार होऊ शकतो, हे ख्रिस्ती माणसाने विसरू नये.

याकोबाची रात्र

पवित्र शास्त्रात घरी परतण्याच्या ताणाची याकोबाच्या कथेइतकी हृदयस्पर्शी कथा क्वचितच असेल, आणि तिच्या मध्यभागी एक कुस्ती आहे. बापाला फसवून, भावाचा आशीर्वाद हिरावून पळालेला याकोब वीस वर्षांनी परत येत आहे. एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा येत असल्याचे कळताच त्याची गाळण उडते. तो काय करतो? भेटी पाठवितो. शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गायी, गाढवे, पाचशेहून अधिक जनावरे कळपाकळपाने पुढे धाडतो, भेटींनी भावाचा राग शमवावा म्हणून. जळगावच्या सराफ बाजारातून अंगठी आणि कापडाच्या दुकानातून साड्या घेऊन जुने वैर झाकू पाहणाऱ्या आपणां सर्वांना याकोबाची ही युक्ती ओळखीची वाटेल. पण कळप पुढे गेले तरी भीती मागेच राहिली. रात्री तो यब्बोक नदीकाठी एकटा उरला आणि उजाडेपर्यंत एक अज्ञात पुरुष त्याच्याशी झोंबी करीत राहिला.

त्या झुंजीत त्याला त्याचे नाव विचारले गेले. पूर्वी आंधळ्या बापाने, तू कोण, असे विचारले तेव्हा त्याने भावाचे नाव सांगितले होते. या वेळी त्याने स्वतःचे नाव सांगितले: याकोब, टाच धरणारा. जन्मताच भावाची टाच धरून आलेला हा माणूस आयुष्यभर पकड सोडावयास शिकलाच नव्हता. त्या रात्रीही त्याने पकड सोडली नाही. पण आता ती भावाच्या टाचेवर नव्हती, त्याने देवाला धरले होते, आणि तो आशीर्वाद मागत होता. सकाळी तो लंगडत निघाला. भाऊ दिसताच त्याने सात वेळा जमिनीपर्यंत वाकून नमन केले. एसाव धावत आला, त्याने त्याला मिठी मारली आणि दोघेही रडले. तुझे मुख पाहणे म्हणजे देवाचे मुख पाहण्यासारखे आहे, अशा अर्थाचे याकोब त्याला म्हणाला.

भेटी आदल्या दिवशीच पाठविल्या होत्या. समेट झाला तो रात्रीच्या झुंजीनंतर आणि सकाळच्या नमनानंतर. जी झुंज आपण एकांतात, देवासमोर, आपल्या खऱ्या नावानिशी द्यावयाची असते ती न दिल्यामुळेच आपण ती जेवणाच्या पंक्तीत भावाशी देतो. आगमनकाळातील प्रायश्चित्त संस्काराचे हेच प्रयोजन आहे. घरी जाण्यापूर्वी लढावयाची कुस्ती तेथे लढून घ्यावी.

घराची तालीम

मग आपण काय करावे? प्रत्येकाने लंगोट कसून हौद्यात उतरावे असे आमचे म्हणणे नाही. पण ज्यांच्या घरी वाढती मुले आहेत त्यांनी मुलामुलींना एखाद्या चांगल्या वस्तादाकडे किंवा शिक्षकाकडे जरूर पाठवावे. डाव किती शिकवितो यापेक्षा सलामी आणि थाप यांविषयी तो किती कडक आहे, हे पाहून निवड करावी. हे डिसेंबरात सुरू करून नाताळात फळ येणार नाही. शरीर सावकाश शिकते. जूनमध्ये आरंभ करावा. वडिलांनी मुलाबरोबर पहाटे दहा जोर, वीस बैठका काढल्या तर व्यायाम होईल आणि बापलेकांना एकमेकांच्या श्वासाची ओळख होईल. वर्षभर न झालेले बोलणे कदाचित त्यातूनच निघेल.

सणाच्या आठवड्यासाठी आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितो. पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री घरातील सर्वांनी मिळून कामाची वाटणी करावी, म्हणजे चुलीजवळचा भार एकाच पाठीवर राहणार नाही. घरातील पुरुषांनीही वांगी भाजण्यावर न थांबता भांडी घासण्यापर्यंत जावे. घरात एक खूण ठरवावी: टेबलावर किंवा जमिनीवर हाताची दोनदा थाप. ती लहानाने मारली तरी मोठ्याने त्या क्षणी विषय सोडावा, आणि कारण दुसऱ्या दिवशी विचारावे. आणि रोज सायंप्रार्थनेनंतर, रोझरी संपल्यावर, एकमेकांना नमस्कार किंवा आलिंगन दिल्यावाचून कुणी निजू नये. समेट केल्यावाचून दिवस संपू देऊ नका, हा सल्ला पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबांना दिला तो याच कारणासाठी.

शिवाय ज्यांच्या अंगणात यंदा कुणीच येणार नाही, त्यांची थाप धर्मग्रामाने ऐकावी. ऊसतोडीस गेलेल्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांना, एकट्या राहणाऱ्या विधवेला, रेल्वेतून निवृत्त होऊन वसाहतीबाहेर राहणाऱ्या वृद्धाला नाताळच्या पंक्तीस बोलावणे हाही ताण हलका करण्याचाच मार्ग आहे. कारण परका माणूस पंक्तीस असला की घरचे लोक आपोआप सलामीवर येतात.

ज्या रात्रीचा आपण उत्सव करतो त्या रात्री सर्वशक्तिमान देवाने आपले सारे बळ आवरून एका तान्ह्या मुलाचे रूप घेतले आणि त्याला गव्हाणीतल्या गवतावर निजविण्यात आले. बळाने दुर्बलतेपुढे वाकण्याची याहून मोठी सलामी मानवजातीने पाहिलेली नाही. आपल्या घरातील जो सर्वांत बलवान असेल त्याने या नाताळात त्या गव्हाणीपुढे क्षणभर उभे राहावे, आपल्या मुठी सैल सोडाव्या, आणि मग स्वयंपाकघराकडे कान द्यावा.